परण्याच्या चालीचा गिअरबॉक्स

नवरदेवाच्या घोड्याचा श्वास आपल्या मानेला किती लागावा, याचा कोल्हारच्या दानीएल मास्तरांना पक्का अंदाज होता. फार ऊन लागला तर घोडा अंगावर आला, आता ढोलाला बुजणार. मुळीच लागला नाही तर नवरदेव मागं राहिला आणि बँड एकटाच मांडवाकडं निघाला. या दोन्हींच्या मधलं अंतर राखत मास्तर उभा जन्म चालले.

लग्न लागायच्या आधी नवरदेव मारुतीच्या पाया पडतो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो, त्याला इकडं परण्या म्हणतात. दुसऱ्या बँडांचे मास्तर परण्यात सगळ्यात पुढं चालतात. दानीएल मास्तर सगळ्यात मागं, घोड्याच्या तोंडासमोर. पुढं नाचणारी मंडळी, मग ढोल-ताशे, मग पितळी बाजे, आणि शेवटी क्लॅरनेट वाजवत मास्तर. ढोल आणि घोडा यांच्यामधे एक शहाणं माणूस लागतं, असं ते म्हणत. ते शहाणं माणूस कोण, हे कुणी विचारत नसे.

मास्तरांना स्वतःबद्दल शंका अशी फारशी पडत नसे. क्लॅरनेट वडिलांकडून आली होती. नाताळात ती चर्चमधे गायनाला साथ करी, आणि वैशाखात तिच्यावरच गावोगावचे नवरदेव मांडवात पोचत. साठी उलटून गेली तरी श्वास दमदार होता. पुढचे दोन दात पडले तेव्हा लोकांना वाटलं, आता मास्तर संपले. मास्तरांनी आठवडाभर आरशासमोर ओठ आवळायची नवी रीत बसवली आणि पुढच्या सुपारीला हजर झाले. "दात खायला आस्त्यात. वाजवायला ओठ लागत्यात," एवढंच बोलले.

मास्तरांना दात हटवू शकले नाहीत, पण डीजेनं हटवलं. एका गाडीवर भिंतीएवढे स्पीकर रचून एक पोरगा गाणी लावतो, आणि सबंध गावाच्या छातीत धडधड होते, त्यापुढं क्लॅरनेट कोण ऐकणार? बँडमधली माणसं एकेक करून गेली. कुणी शिर्डीला हॉटेलात लागला, कुणी फुलांची गाडी लावली. उरले ते मास्तर, ढोलवाला बन्सी आणि आणखी पाच-सहा जण, ज्यांना दुसरं काही येत नव्हतं किंवा करायचं नव्हतं.

मग मास्तरांनी मोटार काढली.

एका जुन्या दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली, एक गोल नाकाची मोटार वर्षानुवर्षं उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. ती मोडीत निघाली तेव्हा मास्तरांनी घेतली आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या वाल्मिकच्या गॅरेजात ओढून आणली. वाल्मिक चाळिशीचा, बोलायला तिखट, हाताला नेमका. त्यानं मोटारीचं टप कापून ती उघडी केली. कुजलेलं पेट्रोल इंजिन काढून एका जुन्या प्रवासी जीपचं डिझेल इंजिन बसवलं. मास्तरांच्या मंडळींनी, मरियाबाईंनी, लाल मखमलीची गादी शिवली. दोन्ही बाजूंना पितळी दिवे लागले. मोटार अशी देखणी झाली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून फोटो काढू लागली.

मास्तरांनी तेव्हाच अट जाहीर केली. ज्याला मोटार पाहिजे त्यानं बँड घ्यायचा. डीजे असेल तिथं मोटार येणार नाही. लोकांना फोटोसाठी मोटार हवीच होती, त्यामुळं बँडही घेऊ लागले. म्हणजे त्या मोटारीच्या मागच्या गादीवर नुसता नवरदेव बसणार नव्हता, सबंध बँडचं पोट बसणार होतं.

पण मास्तरांनी पहिल्याच पावलाला एक चूक केली, आणि ती चूक बँडमास्तरच करू जाणे.

नव्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स चालेना. वाल्मिक तेव्हा सासुरवाडीला गेलेला. मास्तरांना दम निघेना. ते एकटेच नगरच्या बाह्यवळणावर कानिफशेठच्या आवारात गेले. कानिफनाथ जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकायचा. त्याच्याकडं तोडायला आलेल्या पण अजून चालू असलेल्या चार-पाच गाड्या उभ्या होत्या. मास्तरांनी एकेक सुरू करायला लावली, प्रत्येकीच्या शेजारी डोळे मिटून उभे राहिले आणि गिअरबॉक्स कानानं निवडला. बाकीचे कुणी घरघरत होते, कुणी किंचाळत होते. एक मात्र असा सुरात होता की मास्तरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हा."

वाल्मिकनं तो बसवला तेव्हा त्यालाही खोट काढता आली नाही. मोटार शिर्डीच्या रस्त्यावर लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मास्तर खुशीत होते.

पहिला परण्या शेजारच्या गावात निघाला. वाल्मिक चालवायला बसला, मास्तर मोटारीच्या नाकासमोर क्लॅरनेट घेऊन उभे राहिले. आणि मोटार मास्तरांच्या टाचांवर येऊ लागली. वाल्मिकनं पाय क्लचवर अर्धा दाबून धरला, मोटार आवरली, सोडला की पुन्हा टाचांवर. सबंध गल्लीभर हेच. मारुतीपासून मांडवापर्यंतची वाट निम्मी झाली नाही तोच जळका वास सुटला. मग मोटारीच्या पोटातून धूर निघाला. नवरदेव मखमलीवर उभा राहून विचारू लागला, "उतरू का?" शेवटी नाचणाऱ्या पोरांनी मोटार ढकलत मांडवात नेली. त्याचं चित्रण सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं, आणि त्यात मास्तर पुढं वाजवत चालले होते, त्यामुळं लोकांना जास्तच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकनं जळालेली क्लचप्लेट मास्तरांसमोर ठेवली.

"मास्तर, गेरबॉक्स वाईट न्हाई. पन त्यो पळायचा हाय," तो म्हणाला. "ह्याच्या पयल्या गेरमधी, रेस न देता, मोटार मानसापेक्षा बिगीनं चालती. परण्या मुंगीच्या पायानं जातो. मंग मला हाप क्लच धरावा लागतो, आन् प्लेट जळती."

"पर आवाज काय गोड हुता," मास्तर म्हणाले.

"लई गोड. आता कपाटात ठिवा त्याला, आन् नाताळाला बाहेर काढा."

मास्तर हसले नाहीत. ती काळी प्लेट उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजी कानानं न्हाई, पायानं निवडाय पायजे हुता."

चूक समजली की तिच्याभोवती घुटमळत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मात्र अडचण दारात येऊन उभी राहिली होती. तिचं नाव काकासाहेब.

काकासाहेब गावातलेच, नदीकाठच्या उसाचे बागाईतदार. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मोटारीची सुपारी त्यांनी आधीच दिली होती. त्यांच्या स्वतःच्या परण्यात मास्तरांच्या वडिलांनी वाजवलं होतं. त्यामुळं सुपारी मोडायला त्यांना लाज वाटत होती, आणि मोबाईलवरचं ते चित्रण विसरताही येत नव्हतं. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि घसा साफ केला.

"मास्तर, तुमचं न् आमचं जुनं हाय. मी सुपारी मोडीत न्हाई. पन एक करतो. राहुरीच्या डीजेला सांगून ठिवतो. त्यो देवळाच्या बाजूला गाडी लावून हुबा ऱ्हाईल. तुमची मोटार चालली तर त्यो जेवून जाईल. मोटार अडली, की त्यो सुरू करंल आन् पोरगं त्याच्या गाडीवर चढंल. राग मानू नका."

"राग कशाचा," मास्तर म्हणाले. "डीजेवाल्याचं जेवान मातर चांगलं ठिवा. त्याला दुसरं काई काम न्हाई लागायचं."

काकासाहेब गेल्यावर बन्सी, जो इतका वेळ कोपऱ्यात ढोलाच्या वाद्या आवळत बसला होता, तो म्हणाला, "मास्तर, आपल्याच गावात डीजे वाजला, तर मंग फुडं आपल्याला कोन बोलवील?"

"कोनी न्हाई," मास्तर म्हणाले.

मरियाबाई आतून आल्या. त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की गाठ मारल्यासारखं. "ऐका. मी मखमल शिवली, पडदं शिवलं, फुलं लावली. ह्या खेपेला मोटार अडली तर ती परत लिंबाखाली. कोंबड्या वाट बघत्यात."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना ते वाजवी वाटलं.

दोन दिवसांनी ते वाल्मिकला घेऊन कानिफशेठच्या आवारात हजर झाले. या वेळी बगलेत क्लॅरनेटची पेटी होती. कानिफशेठ लोखंडी खुर्चीवर, पत्र्याच्या सावलीत बसला होता. गडी जाडजूड, गळ्यात नाथांचं पदक. त्यानं मास्तरांना बघून हात जोडले.

"या मास्तर. वाजवून दाखवायला आला का? तुमची पिच्चर बगितली मी मोबाईलमधी. मागं धूर, पुढं गानं."

"बगितली ना? मंग बरं झालं. लांबन लावायला नको," मास्तर म्हणाले. "दुसरा गेरबॉक्स पायजे."

"हाय की. परवाच आलाय. पाच गेरचा, अपघातातल्या नव्या गाडीचा. नुसता हात लावला की गेर पडतो. हायवेला लावा, विमान."

"विमान नगं मला."

"मंग?"

"तुझ्याकडं सगळ्यात मरतुकडा, रेंगाळनारा, आळशी गेरबॉक्स असंल त्यो दाखीव."

कानिफशेठनं वाल्मिककडं बघितलं, म्हणजे म्हाताऱ्याची तब्येत बरी आहे ना, अशा नजरेनं. वाल्मिक म्हणाला, "शेठ, बरोबर हाय ते. आमाला पयला गेर मेलेला पायजे."

"इतकी वर्सं धंदा करतो," कानिफशेठ उठत म्हणाला, "पन मरतुकडा मागनारं गिऱ्हाईक आजच आलं. तसं बी तुमचं न् माझं जुनं हाय मास्तर. माझ्या परण्याला तुमीच हुता. मारुतीपासून निघालो ते मुहूर्त टळला तरी मांडव दिसंना. सासरा घड्याळाकडं बघून रडकुंडीला आल्ता."

"तुझं मामं नाचायचं थांबंनात. मी काय करू?"

"तुमी वाजवायचं थांबवायचं हुतं."

"मामा नाचतोय तवर वाजवायचं आस्तं," मास्तर म्हणाले. "तुझा संसार बिघडला का त्यानं?"

कानिफशेठला हसू आलं. त्याचा संसार उत्तम चालला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आवारात दोन गाड्या अशा होत्या की ज्यांचे गिअरबॉक्स वाल्मिकच्या मते मोटारीला जोडता आले असते. एक जुनी जीप आणि दुसरा, पारनेरच्या बाजारातून कांद्याच्या गोण्या वाहून वाहून वय झालेला बुटका ट्रक. त्याच्या फाळक्यांना अजून कांद्याची टरफलं चिकटलेली होती.

मास्तरांनी पेटी उघडली, क्लॅरनेटचे तुकडे जोडले, ओठांनी फुंकायची वेताची पट्टी ओली केली आणि जीपच्या नाकासमोर जाऊन पाठ करून उभे राहिले.

"वाल्मिक, सुरू कर. पयल्या गेरात टाक. रेसवरला पाय काढ, क्लचवरला बी काढ. पाय मांडीवर घेऊन बस म्हन की. आन् मी वाजवत चालतो."

"मास्तर, अंगावर यील."

"यील तर बाजूला होतो. मला काय दिसत न्हाई का? पन मागं बगून न्हाई बगायचं मला. टाचंनं बगायचंय."

आवारातली माणसं हातातली कामं ठेवून जमली. जीप निघाली. मास्तरांनी परण्याची चाल धरली, ती संथ, झुलती चाल, की जिच्यावर बायका पदर सावरत चालतात आणि म्हाताऱ्यांनाही धाप लागत नाही. आठ-दहा पावलांतच जीपचं नाक त्यांच्या पाठीशी आलं. मास्तरांचं पाऊल वाढलं, आणि पावलाबरोबर गाणंही पळू लागलं. ते बाजूला झाले. जीप त्यांच्या शेजारून पुढं गेली.

"ही नवरीकडं घाईनं चालली," मास्तर म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

मग ट्रक. ट्रकनं आधी खोकला काढला, मग थरथरला, आणि वाल्मिकनं पहिला गिअर टाकून पाय काढला तेव्हा पोटातून असा आवाज निघाला की मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. लांब, सपाट, नाकातून काढलेला हुंकार. एखाद्या बेसूर माणसानं सूर धरून बसावं आणि कुणाचं ऐकूच नये, तसा. त्यांचे दातच आंबले. तरी ते पाठ करून चालू लागले. आवाराच्या या टोकापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेले, वळले, ट्रकही वळला, पुन्हा अलीकडच्या टोकापर्यंत आले. ट्रक ना जवळ आला ना लांब राहिला. इंजिनाच्या जाळीतून येणारी ऊब पोटऱ्यांना लागत होती, जेवढी लागायला हवी तेवढीच. मास्तरांना घोडा आठवला.

ते थांबले. वाल्मिकनं क्लच पूर्ण दाबला, ट्रक थांबला.

"पावलाला बरोबर हाय," मास्तर म्हणाले. "पन हे वरडतं का?"

वाल्मिक खाली उतरून ट्रकखाली शिरला. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट ढिला करून त्यानं थोडं ऑईल बोटांवर घेतलं आणि उन्हात धरून चोळलं. आतल्या पितळी कड्या झिजल्या असल्या की ऑईलमधे सोन्यासारखी चमक दिसते. ऑईल काळंकुट्ट होतं, पण चमक नव्हती. मग त्यानं मागचा शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघितला. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला,

"खोट न्हाई. पयल्या गेरचं दाते सरळ कापल्याले हायेत, वझं वढायचं म्हून. सरळ दाते वरडनारच. दुसऱ्या गेरात गप होतंय. आन् आपल्या मोटारीची चाकं ह्या ट्रकापेक्षा बारीक, म्हंजी चाल आनखी थोडी कमीच. वाढायची न्हाई."

"कमी चालंल. नवरदेवाला कमीच बरी," कानिफशेठ म्हणाला. "पन मास्तर, एक आत्ताच सांगतो. उद्या हा वरडतो म्हून माझ्याकडं परत आनायचा न्हाई."

मास्तर म्हणजे कानानं आयुष्य काढलेला माणूस. कान म्हणत होता, नको. टाचा म्हणत होत्या, हाच. गेल्या खेपेला त्यांनी कानाचं ऐकलं होतं.

"परत सुरू कर वाल्मिक," ते म्हणाले.

ट्रक पुन्हा हुंकारू लागला. मास्तर आता चालले नाहीत. तोंड ट्रककडं करून उभे राहिले आणि क्लॅरनेटवर एकेक स्वर लावून बघू लागले. एक लावला, सोडला. दुसरा लावला, सोडला. तिसरा लावला आणि धरून ठेवला. तो आणि ट्रकचा हुंकार एकमेकांत मिसळून गेले. मग त्यांनी त्याच स्वराला घर मानून परण्याची चाल पुन्हा वाजवली. देवळात सनई वाजते तेव्हा शेजारी दुसरा एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो. तो सूर चुकत नाही आणि पुढंही जात नाही, तो फक्त असतो. ट्रक आता तसा बसला होता. जमलेल्यांपैकी एकानं तंबाखू मळायची थांबवली.

"कानिफ," मास्तर क्लॅरनेट पेटीत ठेवत म्हणाले, "मी ह्याला वरडायलाच घेतोय."

भावाची घासाघीस झाली, ती व्हायचीच. कानिफशेठनं आपल्या टळलेल्या मुहूर्ताची भरपाई मागितली, मास्तरांनी त्याच्या मामांच्या नाचाची मजुरी मागितली, आणि चहाच्या दुसऱ्या कपाला दोघांचं जमलं.

गिअरबॉक्स बसवणं सोपं गेलं नाही. जीपचं इंजिन आणि ट्रकचा गिअरबॉक्स ही दोन घरची माणसं. त्यांच्यामधे बसायला वाल्मिकनं लेथवर एक जाड लोखंडी पाटी कातून घेतली. मागचा शाफ्ट कापून आखूड केला. गिअरची दांडी इतकी लांब होती की ती थेट पुढच्या गादीतून वर आली. मरियाबाईंनी गादी उसवून भोक पाडलं आणि दांडीला मखमलीचा अंगरखा शिवला. "नवरदेवाआधी ह्याचंच लगीन," त्या म्हणाल्या.

चाचणी नदीकडच्या रस्त्यावर झाली. वजन पाहिजे म्हणून मागच्या गादीवर मरियाबाईंना बसवलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग बसल्या, मग पदर नीट घेतला. मास्तर पुढं वाजवत, मागं हुंकारत मोटार, आणि मोटारीत मंडळी. रस्त्यावरच्या बायका म्हणाल्या, "मरियाबाई, उशिरा का व्हईना, निघाला परण्या." चाचणी संपली तरी मरियाबाईंनी उतरायला घाई केली नाही.

"आता चढ तेवढा राहिला," वाल्मिक म्हणाला.

मारुतीच्या देवळापासून काकासाहेबांच्या मांडवाकडं जाताना एक अरुंद चढ लागतो. दोन्ही बाजूंना घरं, वळायला जागा नाही. लग्नाआधी तिथं मोटार नेऊन बघावी, असं वाल्मिकला वाटत होतं. पण रस्त्यात आधीच मांडवाचे खांब आणि खडी येऊन पडली होती.

"चढाला सूर जरा खाली यील. आला तर येऊ दे," मास्तर म्हणाले. "तू पाय मांडीवर ठीव."

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर नवरदेव मारुतीच्या पाया पडला आणि मोटारीत चढला. फुलांनी मढलेली मोटार बघून पोरीबाळींनी मोबाईल काढले. देवळाच्या बाजूला डीजेची गाडी उभी होती. तिच्यावरचा पोरगा, राहुरीचा अंगद, जनरेटरच्या दोरीला हात घालून बसला होता. काकासाहेब दोघांच्या मधे उभे होते, एकदा इकडं बघत, एकदा तिकडं.

मास्तरांनी पांढरा कोट घातला होता. त्यांनी अंगदकडं बघून मान हलवली, जशी शेजाऱ्याला हलवतात तशी, आणि मोटारीकडं पाठ करून उभे राहिले. "वाल्मिक," ते म्हणाले. मागं हुंकार सुरू झाला. मास्तरांनी त्यात आपला स्वर मिसळला, बन्सीनं ढोलावर पहिली काठी टाकली, आणि परण्या निघाला.

सपाटीवर काही झालंच नाही. आणि काही न होणं हीच तर सगळी कमाई होती. लोक नाचत होते, मोटार चालत होती, पोटऱ्यांना ऊब लागत होती. नाचणारे थबकले की वाल्मिक क्लच पूर्ण दाबी, ते हलले की पूर्ण सोडी. अर्धा पाय कुठं नव्हताच.

चढ लागला. मागचा सूर किंचित खाली उतरला. मास्तरांनीही आपला स्वर ओठानं तेवढाच खाली ओढला आणि चालत राहिले. आणि नेमकं चढाच्या मधोमध नवरदेवाच्या मामानं तोंडात रुमाल धरला आणि तो रस्त्यावर आडवा पडून नाग होऊन डोलू लागला. मामा आडवा पडल्यावर परण्या पुढं जात नाही. सगळं थांबलं. मोटारही थांबली, चढावर, नवरदेवासकट.

मामा काही उठेना. बन्सीनं ढोलावर फणा डोलवायचा ठेका धरला, म्हणून तो आणखीच रंगला. खाली देवळाजवळ अंगदनं जनरेटरची दोरी बोटाभोवती गुंडाळली. काकासाहेब गर्दीतून वाट काढत मोटारीजवळ आले आणि वाल्मिकच्या कानाशी वाकून म्हणाले, "हितनं निघंल का?" मोटार जर इथं अडली, तर पुढं ढकलायला चढ आणि मागं सोडायला उतार.

वाल्मिकनं मास्तरांच्या पाठीकडं बघितलं. मास्तर मागं वळले नाहीत. ते वाजवत राहिले, मामा नाचतोय तोवर वाजवायचं असतं म्हणून.

शेवटी मामीनंच मामाला बखोटीला धरून उठवलं. लोक हसले, पुढचे हलले, ताशे कडाडले. वाल्मिकनं क्लचवरचा पाय सावकाश, पण सबंध उचलला.

मास्तरांच्या मागचा सूर एकदम खाली गेला. इतका खाली की त्यांच्या ओठांनाही तिथवर जाता येईना. मोटार क्षणभर जागच्या जागी कण्हली. मग तो सूर एका दमात वर आला, आपल्या घरी बसला, आणि पोटऱ्यांना ऊब लागली. जवळ नाही, लांब नाही. जळका वास नाही, धूर नाही. मास्तरांनी पाऊल टाकलं. मोटारीनंही टाकलं.

चढ संपेपर्यंत काकासाहेब मोटारीच्या बाजूनं, मडगार्डला हात लावून चालत होते. वर सपाटी आली तेव्हा त्यांनी हात काढला, रुमालानं मान पुसली आणि एका पुतण्याला खाली पाठवलं. "त्या डीजेवाल्याला म्हनावं, जेवाया ये. पयल्या पंगतीला बसीव त्याला."

मांडवाच्या दारात करवल्या पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. नवरदेव आपल्या पायानं, बिनघाईनं उतरला. मुहूर्ताला अजून वेळ होता. बन्सीनं ढोल उतरवून खांदा चोळला आणि म्हणाला, "मास्तर, लई दिसांनी टायमात पोचलो."

"मामी भली हाय त्यांची," मास्तर म्हणाले.

पंगतीत अंगद मुद्दाम मास्तरांच्या शेजारी येऊन बसला. बुंदी वाढून झाली तरी तो खाईना. इकडंतिकडं बघत, आवाज खाली करत त्यानं विचारलं, "मास्तर, ह्यो गेरबॉक्स कुठनं घेतला वं? माजी बी गाडी दर लग्नाला प्लेट जाळती. वझं लई, आन् मुंगीच्या पायानं जावं लागतं."

समोरच्या ओळीत बसलेल्या वाल्मिकला ठसका लागला. मास्तरांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला.

"नगरला, बाह्यवळनावर, कानिफशेठ म्हून हाय," ते म्हणाले. "चांगला मानूस हाय. पन एकला जाऊ नगंस. मला हाक मार, मी येतो."

"तुमी कशाला?"

"मंग गाडीच्या पुढं कोन चालंल?" मास्तर म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी अंगदच्या पानात आणखी बुंदी घालायला लावली.